सबवूफरचे इंच शेवटी ठरवा: खरेदीआधीची तयारीची यादी

गाडीसाठी सबवूफर, म्हणजे बेस (खालचे, जाड स्वर) वाजवणारा खास स्पीकर, घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: दहा इंची की बारा इंची, एक की दोन? या यादीत तो प्रश्न शेवटी येतो. गाडीत जागा किती, ॲम्प (वूफरला ताकद पुरवणारा ॲम्प्लिफायर) किती वॅट देणार आणि तुम्ही ऐकता काय, एवढं कागदावर उतरलं की इंच आणि संख्या बहुतेक वेळा आपसूक ठरतात. उलट क्रमाने गेलं की आधी वूफर घरी येतो आणि मग त्याला कुठे कोंबायचं याची शोधाशोध सुरू होते.

तेव्हा आधी टेप हातात घ्या. डिकी पूर्ण रिकामी करून लांबी, उंची आणि खोली मोजा. खोली दोनदा मोजायची, तळाशी एकदा आणि वर एकदा, कारण मागच्या सीटची पाठ तिरकी असते. डिकीचं तोंडही मोजा. सेडानमध्ये आत ऐसपैस जागा असते, पण तोंड अरुंद, आणि वूफर बसवायचा बॉक्स जाणार तो तिथूनच. बॉक्स न हलवता स्टेपनी निघेल का, मागची सीट यापुढेही दुमडावी लागणार आहे का, हे आत्ताच बघा. मग त्या मापाचं रिकामं खोकं आठवडाभर डिकीत ठेवून गाडी वापरा. सामान ठेवायला ते सारखं बाहेर काढावं लागत असेल, तर तुमची खरी जागा त्याहून लहान आहे.

आता आतलं घनफळ. इथे भलेभले फसतात. बाहेरून ८० × ३५ × ३० सेंटीमीटरचा बॉक्स हिशेबाने ८४ लिटरचा. पण १८ मिलिमीटरचं एमडीएफ (दाबून बनवलेलं लाकडी बोर्ड) वापरलं की प्रत्येक मापातून ३.६ सेंटीमीटर जातात आणि आत उरतात साधारण ६३ लिटर. चौथा हिस्सा नुसत्या जाडीत गेला! त्यातून वूफरचा मागचा भाग, आतल्या आधारपट्ट्या आणि असेल तर पोर्ट (हवा ये-जा करण्याची नळी) वजा करा. पंचावन्नच्या आसपास हाती लागतात. सर्वसाधारणपणे सील्ड (पूर्ण बंद) बॉक्समध्ये दहा इंचीला १८ ते २५ लिटर आणि बारा इंचीला २८ ते ३५ लिटर पुरतात. पोर्टेडमध्ये (पोर्ट असलेल्या बॉक्समध्ये) बारा इंचीची मागणी ५० ते ६० लिटरपर्यंत जाते. म्हणजे या बॉक्सात सील्ड दोन दहा इंची आरामात बसतील, किंवा पोर्टेड एक बारा इंची. सील्ड दोन बारा इंची ओढूनताणून. पोर्टेड दोन बारा इंचींचं नाव काढू नका. हे आकडे अंदाज बांधायला आहेत, शेवटचा शब्द त्या वूफरच्या डेटाशीटचा, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकाचा. तिथेच बसवण्याची खोलीही दिलेली असते, तीही बघून घ्या.

सील्ड की पोर्टेड हे आवडीवर आहे, पण आवड नीट ओळखा. पोर्टेड बॉक्स तेवढ्याच वॅटमध्ये ट्यूनिंगच्या (पोर्ट ज्या स्वरासाठी बेतलेला असतो त्याच्या) आसपास जास्त आवाज देतो, मात्र ट्यूनिंगच्या खाली त्याचा आवाज ऑक्टेव्हमागे (हर्ट्झ निम्मे होतील तेवढ्या उतरणीमागे) सुमारे २४ डेसिबलने कोसळतो. सील्डचा उतार १२ डेसिबलचा. शिवाय बंद गाडीत साधारण ६०-७० हर्ट्झच्या खाली केबिन स्वतःच बेस उचलून धरते, त्यामुळे घरात अशक्त वाटणारा छोटा सील्ड बॉक्स गाडीत खोलवर जातो. हॅचबॅकमध्ये हा फायदा सरळ मिळतो. सेडानमध्ये मागची सीट आणि पत्रा आड येतात, थोडा बेस डिकीतच अडकतो आणि नंबरप्लेट मात्र खडखडत राहते.

ऐकता काय, तेही लिहून काढा, पण मोघम नको. चार तारांच्या बेस गिटारचा सर्वांत खालचा स्वर ४१ हर्ट्झचा, पाच तारांचा असेल तर ३१ हर्ट्झचा. इलेक्ट्रॉनिक संगीत त्याच्याही खाली उतरू शकतं. तेवढ्याच आवाजात एक ऑक्टेव्ह खाली जायचं तर चौपट हवा हलवावी लागते, आणि इंच कामाला येतात ते इथे. तुमच्या यादीत मुख्यतः गाणी आणि वाद्यं असतील तर एक चांगला दहा इंची पुरून उरतो, असं माझं मत. ‘लहान वूफरचा बेस घट्ट, मोठ्याचा ढिला’ हे ऐकीव वाक्य मात्र सोडून द्या. घुमणारा बेस बहुतेकदा चुकीच्या बॉक्सचा, ट्यूनिंगचा किंवा क्रॉसओव्हरचा (कुठले स्वर वूफरकडे जायचे ते ठरवणाऱ्या सेटिंगचा) असतो.

आता इंच. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. नावाचा व्यास धरला तर आठ इंचीचं क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस इंच, दहाचं ७८, बाराचं ११३ आणि पंधराचं १७७. म्हणून दोन दहा इंची मिळून एका बारा इंचीला मागे टाकतात, पण दोन आठ इंची टाकत नाहीत. दुसरी बाजू वूफरच्या कोनच्या (हवा ढकलणाऱ्या पडद्याच्या) पुढेमागे जाण्याची: लांब पल्ल्याचा एक दहा इंची आखूड पल्ल्याच्या बारा इंचीची बरोबरी करू शकतो. म्हणून डेटाशीटवर एक्समॅक्स (कोनच्या पल्ल्याचं माप) बघितल्याशिवाय दोन वूफरची तुलना करू नका. सीटखाली बसणारे चपटे आठ इंची वेगळ्या कामाचे. दाराच्या स्पीकरना खालून हात देतात, धडधडीची अपेक्षा त्यांच्याकडून नको.

एक की दोन? दुसरा वूफर आणि त्याच्यासाठी तेवढेच जादा वॅट असे दोन्ही आले तर सुमारे ६ डेसिबल वाढतात. ॲम्पचे तेच वॅट दोघांत वाटले तर वाढ जेमतेम ३ डेसिबलची. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, हे शेजारी लिहून ठेवा. त्यामुळे उपाशी दोन वूफरपेक्षा पोटभर वॅट आणि पुरेसा बॉक्स मिळालेला एक बरा. दोन घ्यायचेच तर एकाच मॉडेलचे घ्या आणि शक्यतो दोघांना वेगळा कप्पा द्या.

ॲम्पचा हिशेब फक्त आरएमएसमध्ये (सलग मिळणाऱ्या वॅटमध्ये) करा, डब्यावरचे ‘मॅक्स’ वॅट विसरा. इथेच ओहमही (वूफरच्या कॉइलचा, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीचा विद्युत रोध) जुळवायचे. ड्युअल ४ ओहमचा, म्हणजे प्रत्येकी ४ ओहमच्या दोन कॉइल असलेला, एक वूफर २ किंवा ८ ओहमवर जोडता येतो. तसेच दोन घेतले तर १ किंवा ४ ओहमवर, २ ओहम हवे असले तरी नेहमीच्या जोडणीत मिळत नाहीत. ड्युअल २ ओहमचे दोन घेतले तर २ ओहम मिळतात. ॲम्प कुठल्या ओहमवर किती वॅट देतो हे बघून मगच कॉइल निवडा, कारण घेतल्यावर ती बदलत नाही. क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा) ॲम्प ५०० वॅट देताना ८० टक्के कार्यक्षमतेने १३.८ व्होल्टवर साधारण ४५ अँपिअर ओढतो. वायर त्या मानाने जाड आणि अस्सल तांब्याची हवी. वरून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असेल तर आणखी जाड घ्या. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत.

शेवटी दोन किरकोळ वाटणारी कामं. बॉक्स वूफरसकट वीसेक किलोचा होऊ शकतो, तेव्हा जोराच्या ब्रेकला तो मागच्या सीटवर येऊ नये म्हणून पट्ट्याने किंवा ब्रॅकेटने चेसिसला बांधून घ्या. आणि दोन वूफर असतील तर गाडीचा ताबा घेण्याआधी एकाची वायर काढून ऐका. एकच वाजताना बेस वाढला, तर दुसऱ्याचं प्लस-मायनस उलटं जोडलंय.