युसेबियस वाचताना आणि कोट करताना या चुका टाळा

चर्चच्या पहिल्या तीनशे वर्षांबद्दल काहीही वाचायला घ्या, पेत्र आणि पौल रोममध्ये कसे मारले गेले, मार्कने शुभवर्तमान कुणाच्या सांगण्यावरून लिहिलं, कुठल्या शहरात कुणानंतर कोण बिशप झाला, धागा मागे ओढत गेलं की बहुतेक वेळा एकच माणूस सापडतो. पॅलेस्टाईनमधल्या कैसरियाचा बिशप युसेबियस, साधारण इ.स. २६० ते ३३९. त्याने ग्रीकमध्ये दहा भागांचा ‘चर्चचा इतिहास’ लिहिला, आणि सुरुवातीलाच सांगून टाकलं की या वाटेवर माझ्या आधी कुणी चाललेलं नाही. ते खरंच होतं. म्हणूनच त्याला वापरताना होणाऱ्या चुका पुढे शेकडो वर्षं चालत राहतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नावं मोजणं. "जेरोम सांगतो, रुफिनस सांगतो, बीड सांगतो, मग खरंच असणार" असं लिहिलेलं मी कितीदा तरी वाचलंय. पण सुरुवातीच्या काळाबद्दल हे सगळे, म्हणजे चौथ्या-पाचव्या शतकातले लॅटिन लेखक जेरोम आणि रुफिनस आणि आठव्या शतकातला इंग्लिश इतिहासकार बीड, बहुतेक वेळा युसेबियसच पुढे सरकवतात, म्हणजे साक्षीदार तीन नाहीत, एकच आहे आणि त्याचा आवाज तीनदा ऐकू येतोय. पाचव्या शतकात सॉक्रेटिस (तत्त्वज्ञ नव्हे, त्याच नावाचा इतिहासकार), सोझोमेन आणि थिओडोरेट या तिघांनी चर्चचे इतिहास लिहिले, पण पहिली तीन शतकं कुणीच नव्याने लिहायला घेतली नाहीत, युसेबियस जिथे थांबतो साधारण तिथून पुढे ते सुरू होतात. त्याचं काम झालेलं आहे, आता पुढचं लिहायचं, हे सगळ्यांनी धरूनच चाललं. एखाद्या लेखकाचा प्रभाव याहून जास्त काय असतो? पण याचाच अर्थ असा की त्याला पडताळून बघायला त्यांचा फारसा उपयोग नाही.

आपल्या जवळचं उदाहरण घेऊ, कारण भारतातल्या ख्रिस्ती धर्माची सुरुवात म्हटलं की हे हमखास येतं. पाचव्या भागाच्या दहाव्या प्रकरणात युसेबियस लिहितो की अलेक्झांड्रियाचा शिक्षक पँटीनस भारतात गेला "असं म्हणतात", आणि तिथल्या काही लोकांकडे मत्तयाचं शुभवर्तमान हिब्रू अक्षरांत आधीपासूनच होतं, जे येशूचा शिष्य बर्थलमय याने त्यांना दिलं होतं. "असं म्हणतात" हे शब्द त्याचे स्वतःचे आहेत, आणि तो हे पँटीनसच्या काळानंतर शंभराहून जास्त वर्षांनी लिहितोय. मग ३९२-९३ च्या सुमारास जेरोम ख्रिस्ती लेखकांवरचं पुस्तक लिहितो, त्यात पँटीनसला अलेक्झांड्रियाचा बिशप दिमित्रियस याने पाठवलं अशी भर पडते, आणि त्याच्याच एका पत्रात तर पँटीनस ब्राह्मणांना ख्रिस्ताबद्दल सांगायला गेलेला असतो! इथपर्यंत आलं की "असं म्हणतात" गळून गेलेलं असतं. त्यात त्या काळचे ग्रीक आणि लॅटिन लेखक दक्षिण अरबस्तान किंवा इथिओपियाकडच्या भागालाही कधीकधी ‘इंडिया’ म्हणायचे. तरी आधुनिक काळात काही अभ्यासकांनी बर्थलमयला थेट आपल्या कल्याणपर्यंत आणलंय. कल्याणला जुना ख्रिस्ती समाज होता याला वेगळा आधार आहे, सहाव्या शतकातला प्रवासी लेखक कॉस्मस ‘कल्लियाना’त पर्शियाहून नेमलेला बिशप असल्याचं लिहितो आणि हे गाव म्हणजे कल्याण असंच सहसा मानलं जातं. पण तो सहाव्या शतकाचा पुरावा आहे, त्याने पहिल्या शतकातला बर्थलमय सिद्ध होत नाही. दोन्ही एका वाक्यात जोडून टाकू नका, प्लीज.

आणि संत थोमा? युसेबियसचा हवाला देऊन "थोमा भारतात आला" असं लिहिणार असाल तर आधी तिसऱ्या भागाचं पहिलं प्रकरण उघडा. तिथे थोमाच्या वाट्याला पार्थिया, म्हणजे आजच्या इराणकडचा प्रदेश, आलाय, भारत नाही. थोमाची भारतातली गोष्ट तिसऱ्या शतकातल्या सिरियाक भाषेतल्या ‘थोमाची कृत्यं’ या पुस्तकात येते, तिचा हवाला द्यायचा तर तिचाच द्या.

दुसरी गडबड नावाची. सम्राट कॉन्स्टंटाइनला ३३७ मध्ये मरणाआधी बाप्तिस्मा दिला तो निकोमिडियाचा युसेबियस. तो वेगळा, हा कैसरियाचा वेगळा. दोघे एकाच काळातले, दोघे बिशप, दोघेही ३२५ च्या नायसियाच्या धर्मसभेला हजर, त्यामुळे घोळ होतो. गावाचं नाव सोबत लिहिलं की प्रश्न मिटला.

कोटच्या आतला कोट हे अजून एक. युसेबियसच्या पुस्तकाची खरी श्रीमंती त्यातल्या उताऱ्यांत आहे. पापियास, हेगेसिपस, करिंथचा डायोनिसियस या दुसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती लेखकांचं लिखाण आज आपल्या हातात नाही, जे काही तुकडे उरले त्यातले बरेचसे त्याने उतरवून ठेवले म्हणून उरले. तेव्हा "युसेबियस म्हणतो की मार्क हा पेत्राचा दुभाष्या होता" असं लिहिलंत तर ते चूक, म्हणणारा पापियास आहे. गंमत म्हणजे त्याच प्रकरणात युसेबियस पापियासची बुद्धी बेताची होती असं सरळ लिहितो, कारण ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या पृथ्वीवरच्या राज्याबद्दल पापियासचं म्हणणं त्याला पटलेलं नव्हतं, आणि तरी त्याचे शब्द जपून ठेवतो. मला हा माणूस आवडतो तो याच्यासाठी. पटत नाही म्हणून त्याने पापियासला गाळलं असतं तर शुभवर्तमानं कशी लिहिली गेली यावरची आजची निम्मी चर्चा सुरूच झाली नसती.

आता उलट्या टोकाची चूक. इतिहासकार गिबनने अठराव्या शतकात आणि बुर्कहार्टने एकोणिसाव्या शतकात युसेबियसच्या प्रामाणिकपणावर जोरदार हल्ला केला, तेवढंच वाचून काहीजण त्याला अख्खाच फेकून देतात. आरोपात तथ्य आहे. आठव्या भागात रोमन सम्राटांनी केलेल्या छळाच्या काळातली ख्रिस्ती लोकांची आपसातली भांडणं तो मुद्दाम टाळतो, आपल्याला आणि पुढच्यांना उपयोगी पडेल तेवढंच लिहिणार असं स्वतःच सांगतो. ‘कॉन्स्टंटाइनचं चरित्र’ तर स्तुतीच आहे, राजाने ३२६ मध्ये ज्याला मारलं त्या क्रिस्पस या थोरल्या मुलाचं नावही त्यात नाही. ही तक्रार आजची नाही, सॉक्रेटिसने आपल्या इतिहासाच्या सुरुवातीलाच म्हटलंय की युसेबियसचं लक्ष त्या चरित्रात घटना नीट सांगण्यापेक्षा स्तुतीवर जास्त होतं. म्हणून वेगवेगळं तोलायचं. दुसऱ्यांचे उतारे देतो तिथे त्याच्यावर बराच भरवसा ठेवता येतो, राजाबद्दल बोलतो तिथे हात आखडता घ्यायचा.

शेवटचं, कुणी कुठला युसेबियस वाचला तेही बघा. पश्चिम युरोपात शेकडो वर्षं वाचला गेला तो रुफिनसचा लॅटिन अनुवाद, ४०२-०३ च्या सुमाराचा, आणि रुफिनसने दहावा भाग बराच कापला, जागोजागी आपलं घातलं आणि ३९५ पर्यंतचे दोन भाग स्वतःचे जोडले. बीडने ७३१ मध्ये इंग्लिश लोकांच्या चर्चचा इतिहास पूर्ण केला तेव्हा त्याच्यासमोरचा नमुना हाच होता, पत्रं जशीच्या तशी उतरवून देण्याची सवयसुद्धा याच घराण्यातली. तेव्हा बीडचं एखादं वाक्य ग्रीक युसेबियसशी जुळत नसेल तर लगेच बीडला दोष देऊ नका, आधी रुफिनस उघडा. आणि हवाला देताना पान नंबर नको, भाग-प्रकरण-परिच्छेद असा द्या, ५.१०.३ असा, म्हणजे कुठल्याही भाषेतली प्रत असली तरी वाचणाऱ्याला ती ओळ सापडते.