पक्षाघातानंतर हाताचा सराव: चेंडू नको, संत्रं घ्या

पक्षाघातानंतर बोटं घट्ट मिटत असतील, तर रबरी चेंडू दाबत बसू नका. मूठ वळायला मेहनत लागत नाही, खरी अडचण ती उघडण्यात असते. नागपुरात संत्र्याची कमी नाही, तेच घ्या.

पाठीला टेक, दोन्ही पाय जमिनीवर, टेबल कोपराच्या उंचीला. आधी पालथ्या हाताखाली नॅपकिन ठेवून हात पुढे सरकवा, 10 वेळा. खांदा कानाकडे चढला किंवा कंबरेतून वाकणं सुरू झालं, की अंतर कमी करा. नाहीतर धड काम करतं आणि हात आयताच पुढे जातो.

मग संत्रं उचलून वीतभर दूरच्या वाटीत सोडायचं. सुटत नसेल तर बोटं ओढू नका. मनगट हलकेच खाली वाकवा, स्नायूंचा ताण सैलावून बोटं आपसूक उघडतात. जमलं की सोललेली फोड घ्या. ती न चिरडता ठेवणं भल्याभल्यांना जड जातं.

रोज 2-3 वेळा, 15 मिनिटं पुरे. खांदा दुखला तर थांबा, थेरपिस्टला विचारा. आणि घरच्यांनो, उठवताना लुळा हात धरून ओढू नका, खांदा निखळायला तेवढंच पुरतं.