व्हिटॅमिन डीची पावडर घेताय? मग या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात खानापूरकडची एक आज्जी आमच्या मेडिकल दुकानात आली, पिशवीतनं आठ रिकामी पाकिटं काढून काउंटरवर ओळीनं मांडली आणि म्हणाली, "बाळा, आठ दिवसात आठ पुड्या संपिवल्या बघ, गुडघं हाईत तसंच हाईत." पाकिटावर साठ हजार आययू (डी मोजायचं माप), मला घामच फुटला. ही पुडी आठवड्याला एक घ्यायची असते. झालं काय होतं तर तिनं जिथनं घेतली तिथल्या पोरानं कन्नडमधे सांगितलं "वारक्के ओंदु", म्हणजे आठवड्याला एक, आणि आज्जीच्या मराठी कानाला ऐकू आलं वाराला एक, सोमवारी एक मंगळवारी एक. आता बेळगावात राहून हा घोळ कुणाच्या नावावर टाकायचा? डी जादा झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं, म्हणून डॉक्टरांनी लगेच ते तपासलं, नशिबानं नॉर्मल आलं, पुढच्या पुड्या बंद केल्या. तेव्हापासनं मी पाकिटावर पेननं तारखाच लिहून देतो.

पण रोज एक घेऊन पण काही जाणवलं कसं नाही, हा आज्जीचा प्रश्न बरोबर होता. पुडीतलं डी किंवा उन्हानं कातडीत तयार होणारं डी, दोन्ही एकच, कोलेकॅल्सिफेरॉल, आणि ते तसंच्या तसं काही कामाचं नाही. ते रक्तातनं लिव्हरमधे जातं, तिथलं एन्झाइम त्याला एक हायड्रॉक्सिलचा तुकडा जोडतं, की झालं २५-हायड्रॉक्सी डी. १९६८ मधे अमेरिकेत विस्कॉन्सिनला हेक्टर डीलुका यांच्या लॅबनं हे ओळखलं. पण हा पण अर्धा तयार मालच. शहापुरात सूत रंगवून आणलं की साडी झाली असं कुणी म्हणतं का, मागावर चढायला लागतंय की, तसं पुढं किडनी दुसरा तुकडा जोडते तेव्हा कॅल्सिट्रिऑल होतं आणि तेच आतड्यातनं कॅल्शियम ओढून घेतं.

रिपोर्टवर जो आकडा येतो तो लिव्हरच्या मालाचा, आणि हा माल रक्तात अर्धा व्हायलाच दोन-तीन आठवडे घेतो, म्हणून आकडा सावकाश चढतो सावकाश उतरतो. पंधरा दिवसात परत टेस्ट करणारे लोक पैसे वाया घालवतात, साधारण तीन महिन्यांनी करा. त्यात काहीजण टेस्टच चुकीची करून घेतात, १,२५ वाली, म्हणजे किडनीच्या कॅल्सिट्रिऑलची, "ॲक्टिव्ह तीच ना ओ" म्हणून. ती ॲक्टिव्ह खरी पण काही तासच टिकते, आणि डी कमी पडलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन किडनीला ढोसत राहतं त्यामुळं ती नॉर्मल दिसते, कधी कधी जास्तच. म्हणजे गोदाम रिकामं आणि दुकानात माल भरलेला. नेहमीसाठी २५ वालीच बघा. युनिट पण बघा, नॅनोमोलमधे असलं तर अडीचनं भागा, ५० नॅनोमोल म्हणजे २० नॅनोग्रॅम, एकजण ५० बघून खूश झालेला.

सकाळी उपाशीपोटी काळ्या चहाबरोबर पुडी घेऊ नका. हे फॅटमधे विरघळणारं आहे, दुपारी तूप-तेल असलेल्या जेवणाबरोबर घ्या. आणि बंद खिडकीच्या काचेतनं आलेलं ऊन अंगावर घेऊन काय उपयोग नाही, लागणारे यूव्हीबी किरण काच अडवते.

आता मोठी चूक. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं की लोक धरून चालतात की आता लिव्हर डी बनवणारच नाही, मग थेट कॅल्सिट्रिऑलच्या गोळ्या मागतात. लिव्हरचं हे काम सहजासहजी बंद पडत नाही, सिरॉसिस (लिव्हर कडक पडत जाणं) फार पुढं गेला तर कमी होतं, पित्त अडलं तर मात्र आतड्यातनं डी शोषणच नीट होत नाही. कॅल्सिट्रिऑल लिव्हर आणि किडनी दोघांना वगळून सरळ काम करतं, त्यामुळं कॅल्शियम पटकन चढू शकतं आणि २५ वाल्या रिपोर्टमधे ते दिसत पण नाही. किडनीच्या पेशंटला डॉक्टर देतात ती गोष्ट वेगळी, शेजाऱ्याची चिठ्ठी घेऊन येऊ नका.

फिट्सच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटोन किंवा टीबीच्या रिफाम्पिसिननं लिव्हरमधली एन्झाइम्स जोरात चालतात आणि डी लवकर मोडून टाकतात. पुड्या घेऊन पण आकडा हलत नसेल तर चालू गोळ्यांची सगळी यादी डॉक्टरांना दाखवा, गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, फिट आली तर ते महागात पडेल.

आणि हे व्हिटॅमिन सी नव्हे, जादा झालं तर लघवीवाटे निघून जायला. चरबीत साठतं. पुडी एका डॉक्टरची, इंजेक्शन दुसऱ्याचं, वर कॅल्शियमच्या गोळीत पण डी, तिन्हीची बेरीज कुणीच करत नाही. सारखी तहान, सारखी लघवी, मळमळ, बद्धकोष्ठ, माणूस भ्रमिष्टासारखं बोलायला लागणं, असं काही दिसलं तर डी आणि कॅल्शियमचं सगळं थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आज्जी तीन महिन्यांनी रिपोर्ट घेऊन आली, आकडा चांगला होता. गुडघे कसे आहेत विचारलं तर म्हणाली, "ते हाईतच की रे, सत्तर वर्सं झाली त्यास्नी."