चिरीमिरी न देता परवाना कसा मिळवावा

कोल्हापुरात मिसळीचे दुकान काढायचे असो किंवा उद्यमनगरात लेथ बसवायचे असो, नवा उद्योजक सहसा आधी ‘किती द्यावे लागतील?’ असे विचारतो. ‘किती दिवसांत मिळायला हवे?’ हे विचारायचे त्याला सुचत नाही. लाच बहुधा अडलेली फाइल हलवण्यासाठी मागितली जाते, म्हणून मुदत ठाऊक असणाऱ्याकडे ती मागताना समोरचा थोडा तरी कचरतो.

अर्जापूर्वी आपली सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली अधिसूचित आहे का, हे ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर पाहावे. तेथे मुदत, शुल्क, पदनिर्देशित अधिकारी (सेवा देण्याची जबाबदारी असलेला) आणि अपिलीय अधिकारी यांची माहिती मिळते. ते पान छापून फाइलीत सर्वांत वर लावावे. कोणत्या कामाला शुल्कच नाही, हेही त्याच वेळी तपासावे. माझ्या परिचयाच्या एका चप्पल कारागिराने उद्यम नोंदणीचे, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचे, प्रमाणपत्र लॅमिनेट करून भिंतीवर लावले होते आणि त्यासाठी एजंटाला दीड हजार रुपये मोजले होते. ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

अर्ज दिल्यावर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. ‘ठेवून जा, बघतो’ या उत्तराने मुदत सुरू झाल्याचा पुरावा राहत नाही आणि पुढचे खेटे तिथूनच सुरू होतात. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला गेला, तर तीस दिवसांच्या आत प्रथम अपील करावे, त्यानंतर द्वितीय अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये शास्ती होऊ शकते. रक्कम किरकोळ असली तरी सेवेत ठपका कोणालाच नको असतो.

मात्र या मार्गाला आपलीच बाजू लंगडी असण्याची अडचण मोठी आहे. ज्याने दुकानापुढे विनापरवाना शेड ओढली आहे किंवा निम्मी विक्री बिलाशिवाय केली आहे, तो तक्रार करायला धजत नाही आणि त्याचा हप्ता बांधला जातो. कित्येक जण तर नजरेत येऊ नये म्हणून धंदा वाढवायचेच टाळतात. हे केवळ आपल्याकडचे नाही. पेरूची राजधानी लिमा येथे 1983 मध्ये अर्थतज्ज्ञ एर्नांदो दे सोतो यांच्या संस्थेने शिवणकामाचा एक लहान कारखाना रीतसर नोंदवून पाहिला, तेव्हा 289 दिवस लागले. इतका वेळ गरीब शिंप्याला परवडत नाही. तो नोंदणीशिवाय काम करतो, मग त्याला बँकेचे कर्जही मिळत नाही आणि पोलिसापुढे तोंडही उघडता येत नाही. आपल्याकडे 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणीऐवजी केवळ सूचना पुरेशी ठरवली, तेव्हा निदान एक खिडकी कमी झाली. तेव्हा आधी आपले कागद सरळ करावेत, मगच भांडावे.

उघड मागणी झाली, तर घासाघीस करू नये आणि ‘बघू’ असे अर्धवट उत्तरही देऊ नये. मागणी कोणी, कधी, कोणत्या कामासाठी आणि किती केली, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे आणि पैसे देण्यापूर्वी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या 1064 या क्रमांकावर कळवावे. विभाग आधी पंचांसमक्ष मागणीची पडताळणी करतो आणि मग सापळा लावतो; नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पूड लावलेली असल्याने त्या घेणाऱ्याचे हात सोडिअम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवले की द्रावण गुलाबी होते. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांच्या आत कळवणाऱ्याला संरक्षण आहे, त्यामुळे घाबरून गप्प बसण्यात हे दिवस घालवू नयेत.