नोकरी सांभाळून इंजिनिअरिंग मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स करताय? मग या चुका टाळा

नोकरी करता करता एमईएम, म्हणजे मास्टर ऑफ इंजिनिअरिंग मॅनेजमेंट करणारे लोक अभ्यास झेपत नाही म्हणून सहसा अडकत नाहीत. ज्याने डिफरन्शिअल इक्वेशन्स पचवलीत त्याला बॅलन्स शीट काय जड जाणार! अडकतात ते आजूबाजूच्या गोष्टींत, तासांचा हिशोब चुकतो, कंपनीची पॉलिसी कुणी नीट वाचलेली नसते, ग्रुपमध्ये खटके उडतात, आणि मुळात ही डिग्री कशाला घेतोय हेच ठरलेलं नसतं.

एमबीएची छोटी आवृत्ती समजून अ‍ॅडमिशन घेणं

हे फार बघायला मिळतं. एमबीए मोठं वाटतं, दोन वर्षं नोकरी सोडायची तयारी नसते, मग "चला हेच करू, थोडंफार तेच आहे" असं म्हणून फॉर्म भरला जातो. पण हा विषय आधीपासून वेगळा आहे, अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या रोलाच्या विद्यापीठात १९६७ मध्येच याचा स्वतंत्र विभाग सुरू झाला होता. इथे फायनान्स आणि अकाउंटिंग असतं पण इंजिनिअरला लागेल तेवढं, भर असतो तो प्रोजेक्ट प्लॅनिंग, डिसिजन अ‍ॅनालिसिस, ऑपरेशन्स रिसर्च (म्हणजे गणित वापरून कामाचं नियोजन), क्वालिटी, सिस्टिम्स इंजिनिअरिंग अशा गोष्टींवर. टेक्निकल टीम चालवायची असेल, प्लँट किंवा प्रॉडक्टची जबाबदारी घ्यायची असेल तर उत्तम. बँकिंगमध्ये उडी मारायची असेल तर एमबीएच बघा. आणि डिझाइनमध्येच खोल जायचं असेल तर ही डिग्री घेऊन तुम्ही वैतागाल हे नक्की.

त्यात आणखी एक गोंधळ असा की डिग्रीचं नाव सारखं असलं तरी आतला माल सारखा नसतो. एक प्रोग्रॅम मार्केटिंग आणि लीडरशिपकडे झुकलेला, दुसरा स्टॅटिस्टिक्स आणि सिम्युलेशनने भरलेला. एमआयटीचा १९९६ पासूनचा सिस्टिम डिझाइन अँड मॅनेजमेंट हा याच घराण्यातला, पण त्याचा कणा सिस्टिम्स थिंकिंग आहे, म्हणजे सुट्या भागांऐवजी पूर्ण यंत्रणेकडे एकत्र बघणं. म्हणून ब्रोशरमधले हसरे फोटो सोडा आणि कम्पल्सरी विषयांची यादी काढा. त्यातल्या निम्म्या विषयांबद्दल "हे मला पुढच्या वर्षी कामात लागेल" असं म्हणता येत नसेल तर दुसरा प्रोग्रॅम शोधा.

तासांचा हिशोब न करणं

इथे सगळ्यात जास्त लोक आपटतात. अमेरिकन पद्धतीत १ क्रेडिट म्हणजे साधारण आठवड्याला १ तास क्लास आणि २ तास घरी अभ्यास असं धरतात, म्हणजे ३ क्रेडिटचा एक विषय आठवड्याचे ९ तास खातो, तोही १५ आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये. तोच विषय "अ‍ॅक्सिलरेटेड" म्हणून ८ आठवड्यांत बसवला की आठवड्याला जवळजवळ १७ तास होतात. ब्रोशरमध्ये मात्र "फक्त ८ आठवडे!" असं लिहिलेलं असतं आणि आपल्याला ते सोपं वाटतं, आणि त्यात दोन विषय एकदम घेतले की संपलंच.

साधारण ३० क्रेडिटची डिग्री म्हणजे १० विषय. वर्षाला ३ टर्म आणि टर्मला एक विषय धरला तर तीन वर्षांच्या थोडं वर जाते. चालतंय की. पहिल्या टर्मला एकच विषय घ्या, तोही स्टॅटिस्टिक्ससारखा गंज चढलेला नको. आणि ऑफिसचं कॅलेंडर समोर ठेवून रजिस्ट्रेशन करा, शटडाउन, ऑडिट किंवा मोठं रिलीज ज्या महिन्यात असतं त्याच महिन्यात फायनल प्रोजेक्ट सबमिट करायचं असेल तर दोन्हीकडे लाज जाते.

"फी कंपनी देतेय ना" म्हणून निवांत राहणं

देते, पण अटी असतात. बऱ्याच ठिकाणी रजिस्ट्रेशनच्या *आधी* लेखी अप्रूव्हल लागतं, नंतर मागितलं तर नाही मिळत. ठरावीक ग्रेडच्या खाली गेलात तर त्या विषयाचे पैसे नाहीत. वर्षाची कमाल मर्यादा असते, त्यामुळे एकाच वर्षात जास्त विषय घेतले तर वरचा खर्च खिशातून. आणि डिग्रीनंतर ठरावीक काळाच्या आत नोकरी सोडली तर पैसे परत करायची अट असते, तो काळ डिग्रीच्या तारखेपासून मोजतात की प्रत्येक पेमेंटपासून, हे एचआरला ईमेलवर विचारा. तोंडी नको. ज्याने तोंडी सांगितलं तो माणूस दोन वर्षांनी तिथे नसतो.

एकच बरोबर उत्तर शोधत बसणं

इंजिनिअरची ही जुनी खोड. फायनान्सचं एक साधं गणित घ्या. मशीनला आज १०० खर्च, पुढची ४ वर्षं दरवर्षी ३० परत. आपण लगेच म्हणतो १२० आले, २० फायदा, घेऊन टाका. पण भांडवलाचा दर, म्हणजे गुंतवलेल्या पैशावर वर्षाला निदान किती सुटायला हवं तो दर, १० टक्के धरला तर त्या चार हप्त्यांची आजची किंमत भरते साधारण ९५, म्हणजे ५ तोटा. दर ७ टक्के धरला तर तेच मशीन थोड्या फायद्यात. मग खरं उत्तर कोणतं? तर तो दर कुणी आणि का ठरवला हे विचारणं, आणि ३० चे २५ झाले तर काय होईल हे बघणं, मार्क त्यालाच असतात. नुसता आकडा दोन डेसिमलपर्यंत काढून सोडून दिलेली असाइनमेंट कमी ग्रेड घेऊन परत येते आणि लोक म्हणतात प्रोफेसर खडूस आहे.

ग्रुप प्रोजेक्टमध्येही तीच खोड नडते. "यांना समजावण्यापेक्षा मीच करतो" म्हणून एक जण रात्री जागून सगळं करतो, आणि विषय असतो टीम मॅनेजमेंट! पहिल्याच कॉलला कोण काय कधी देणार हे लिहून ठेवा आणि कुणाच्या ऑफिसची घाई कोणत्या आठवड्यात आहे तेही विचारा, सगळेच नोकरीवाले असतात.

कॅपस्टोनला कंपनीचा डेटा परस्पर वापरणं

शेवटच्या प्रोजेक्टसाठी स्वतःच्याच कामातला प्रॉब्लेम घेणं ही खरं तर सगळ्यात चांगली आयडिया. फक्त लाइनचं डाउनटाइम, सप्लायरचे रेट, कस्टमरची नावं हे सगळं तुमचं नाही, कंपनीचं आहे. रिपोर्ट लिहून झाल्यावर लीगलने अडवला तर टर्म वाया जाते. टॉपिक ठरवतानाच मॅनेजरची लेखी परवानगी घ्या, आकडे एका ठरावीक पटीने बदला, नावं काढा, आणि रिपोर्ट लायब्ररीत सगळ्यांना खुला होतो का ते विद्यापीठाला विचारा.

आधीच अडकला असाल तर

मिडटर्म गेली, ऑफिसमध्ये कामाची आग लागलीय, अशा वेळी गप्प बसून शेवटी नापास होणं हा सगळ्यात महाग पर्याय. आधी विड्रॉवलची शेवटची तारीख बघा, त्याआधी विषय सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे मार्कशीटवर, बहुतेक ठिकाणी नुसता 'डब्ल्यू' (विड्रॉवलचा) येतो आणि जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, शाबूत राहतो. त्या विषयाचे पैसे कंपनीने आधीच दिले असतील तर ते परत मागतील का हेही त्याच दिवशी विचारून घ्या. पूर्ण टर्म जमणार नसेल तर न सांगता गायब होऊ नका, रीतसर लीव्ह ऑफ अ‍ॅबसेन्स घ्या, कारण डिग्री पूर्ण करायला कमाल वर्षांची मर्यादा असते आणि रजेचा काळ त्यात धरतात की नाही हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. अ‍ॅडव्हायजरला तीन ओळींची ईमेल पुरते.