विंडोज 11 शेजारी लिनक्स मिंट बसवताना

नव्या लॅपटॉपवर विंडोजसोबत लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम चढवायला फारसा वेळ लागत नाही. खरे काम त्याआधीचे, विंडोजमध्ये करायचे. घाईत बहुतेक जण तेच टाळतात.

पहिला अडथळा एन्क्रिप्शनचा, म्हणजे डिस्कवरची माहिती सांकेतिक रूपात ठेवण्याचा. विंडोज 11 मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केले की डिस्क बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद होते, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बूटच्या सेटिंग बदलल्या की निळ्या पडद्यावर 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. कागदावर उतरवून ठेवा, लॅपटॉपमध्येच सेव्ह करून उपयोग नाही. मग सेटिंगमधल्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करा. डिस्क पूर्ण उघडायला वेळ लागतो, तोवर चार्जर काढू नका.

आता कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होतच नाही, आणि लिनक्समधून त्या ड्राइव्हवर लिहिणे धोक्याचे ठरते. महत्त्वाच्या फाइल्स बाहेरच्या डिस्कवर घ्या. शेवटी डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून श्रिंक व्हॉल्यूम निवडा. 512 जीबीची डिस्क असेल तर 100 जीबी मोकळी केलीत तरी भरपूर. त्या मोकळ्या जागेला नाव देऊ नका, फॉरमॅट करू नका, तशीच सोडा.

वितरण, म्हणजे लिनक्सचा तयार संच, कोणते? नवख्याला मी मिंटच सुचवतो. मिंट 22 उबुंटू 24.04 या दुसऱ्या वितरणावर बेतलेले आहे आणि त्याला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत. लॅपटॉप अगदी ताज्या मॉडेलचा असेल तर मात्र फेडोरा हे वितरण पाहा, त्यातले कर्नल, म्हणजे हार्डवेअर हाताळणारा लिनक्सचा गाभा, नवे असते.

मिंटची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलेशनची फाइल, उतरवून रूफस या विंडोजवरच्या प्रोग्रॅमने 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाईल. लॅपटॉप सुरू होताना बूट मेन्यूची (कुठून सुरू करायचे ते निवडण्याची) कळ दाबत राहा: डेल, लेनोवोत बहुधा एफ12, एचपीत एफ9. सिक्युअर बूट, म्हणजे फक्त सही असलेली प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय, बंद करायचा सल्ला सर्रास मिळतो. उबुंटू, मिंट आणि फेडोराला त्याची सहसा गरज पडत नाही.

पेनड्राइव्हवरून मिंट उघडले की लगेच इन्स्टॉल दाबू नका. वायफाय, आवाज, टचपॅड, कॅमेरा चालतात का, झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, ते तपासा. वायफाय सापडले नाही तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा, म्हणजे फोनचे इंटरनेट लॅपटॉपला द्या.

इन्स्टॉलरमध्ये विंडोजशेजारी बसवायचा पर्याय निवडा. 'इरेज डिस्क' म्हणजे विंडोजसकट सगळे साफ, हे ध्यानात असू द्या. डिस्कचे विभाजन स्वतः करणार असाल तर ईएफआय हा बूटच्या फाइल्सचा विभाग फॉरमॅट करू नका, दोन्ही प्रणाली तिथूनच सुरू होतात.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही तर बहुधा डिस्क हाताळण्याचा इंटेलचा आरएसटी मोड आडवा येतो आहे. बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) तो बदलून थेट एएचसीआय हा साधा मोड केलात तर विंडोज सुरू होणार नाही. आधी विंडोजच्या एमएसकॉन्फिग या साधनातून सेफ मोड (मोजक्याच ड्रायव्हरवर सुरू होण्याचा पर्याय) लावा, मग बायोसमधला मोड बदला, एकदा सेफ मोडमध्ये विंडोज उघडा आणि तो पर्याय काढून टाका. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असे नाही, म्हणून खात्याचा पासवर्ड हाताशी हवा.

बसवून झाल्यावर विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे दिसू शकते. लिनक्स हार्डवेअरचे घड्याळ यूटीसी या जागतिक वेळेवर ठेवते, तर विंडोज तीच वेळ स्थानिक समजते. लिनक्सच्या टाइमडेटसीटीएल या आज्ञेने ते स्थानिक वेळेवर आणता येते. मराठी टायपिंगसाठी कीबोर्ड सेटिंगच्या लेआउटमध्ये मराठी जोडा. इनस्क्रिप्ट या प्रमाणित भारतीय कळरचनेची सवय नसलेल्यांना उच्चारानुसार टाइप करायचा फोनेटिक लेआउट बरा पडेल.