अकरावीला काय घ्यायचं, डिग्री कुठली करायची, काहीच ठरत नाहीये? मग असं कर

सगळ्यात आधी "तुला आवडतं काय?" या प्रश्नाचं टेन्शन घेणं बंद कर. दहावीचा निकाल लागला की बडोद्यात आपल्याकडे आत्या, मामा, शेजारचे काका सगळे हेच विचारतात आणि पोरं एकतर गप्प बसतात नाहीतर समोरच्याला बरं वाटेल ते सांगून मोकळी होतात. खरं सांगायचं तर शाळेत आवडलेला विषय म्हणजे बऱ्याचदा आवडलेल्या टीचर असतात, टीचर बदलल्या की विषय संपला. त्यापेक्षा दोन प्रश्न घे जे आत्ता खरंच सोडवता येतात, एक म्हणजे हे घेतलं तर पुढचं काय काय बंद होतं, आणि दुसरा म्हणजे याचं रोजचं काम करत मी दोन वर्षं बसू शकते का, बसू शकतो का.

पहिला प्रश्न सोपा आहे कारण त्याला उत्तर असतं. गुजरात बोर्डात सायन्स म्हणजे ए ग्रुप (गणित), बी ग्रुप (बायोलॉजी) किंवा एबी, ज्यात दोन्ही. फिजिक्स-केमिस्ट्री सगळ्यांना आहेच. ए घेतलंस की इंजिनियरिंग, आर्किटेक्चर, पायलट, मर्चंट नेव्ही आणि एनडीएतून एअर फोर्स-नेव्ही उघडं राहतं. बी घेतलंस की एमबीबीएस, डेंटल, आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओ, नर्सिंग. फार्मसी दोन्हींना चालतं, हे बऱ्याच आईवडिलांना माहीतच नसतं. कॉमर्स किंवा आर्ट्स घेतलंस की इंजिनियरिंग-मेडिकल गेलं, पण सीए, लॉ, बीबीए, डिझाइन, इंदूरच्या आयआयएमचा पाच वर्षांचा आयपीएम (बारावीनंतरचा मॅनेजमेंटचा कोर्स), हे सगळं कुठल्याही स्ट्रीमवाल्याला खुलं आहे. सीएसाठी कॉमर्सच लागतं असं अजूनही लोक छातीठोकपणे सांगतात, नाही लागत, बारावी कुठलीही चालते.

आता यातली खरी किल्ली गणित आहे, सायन्स नाही. दिल्ली युनिव्हर्सिटीत इकॉनॉमिक्स ऑनर्स करायचं तरी बारावीला गणित हवं, आयएसआयच्या (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) स्टॅटिस्टिक्सला हवं, आर्किटेक्चरला हवं. म्हणून गणित सोडताना मात्र नीट विचार कर, एका वाईट टीचरवरच्या रागाने सोडू नको. आणि दहावीला बेसिक गणित घेतलं होतंस तर ए ग्रुपचं स्वप्न रंगवायच्या आधी शाळेच्या ऑफिसात जाऊन विचार, कारण तिकडे स्टँडर्ड गणितच लागतं का, हे आधी कळलेलं बरं. बायोलॉजीचं त्या मानाने तेवढं कडक राहिलेलं नाही, ए ग्रुपने बारावी करून नंतर बायोलॉजी जास्तीचा विषय म्हणून पास केला तरी मेडिकलच्या नीट परीक्षेला बसता येतं, नॅशनल मेडिकल कमिशनने 2023 मध्ये ते मोकळं केलं.

इथे सगळे जण एक सल्ला देतात, "सायन्स घेऊन ठेव, सायन्समधून कुठेही जाता येतं, उलटं येता येत नाही." कागदावर बरोबर आहे. पण त्याची किंमत कुणी सांगत नाही, आणि ती किंमत टक्क्यांत मोजावी लागते. सायन्स झेपलं नाही, बारावीला 52 टक्के आले, मग बीकॉमच्या लिस्टमध्ये तुझ्या शेजारी कॉमर्सवाला 85 घेऊन उभा असतो आणि तो पुढे निघून जातो. वर ट्युशनची फी, डमी स्कूलचा (शाळेत नुसतं नाव, शिकायचं क्लासमध्ये) धंदा, दोन वर्षं घरात रोजची कटकट ते वेगळंच. म्हणजे सायन्स घेऊ नको असं नाही, पण "काही ठरत नाही म्हणून सायन्स" हे कारण पुरेसं नाही, आणि "टक्के कमी म्हणून कॉमर्स" हे तर त्याहून वाईट कारण आहे, कारण मग ते पोर दोन वर्षं स्वतःला कमी समजत अकाउंट्स शिकतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बसून विचार करून येत नाही, करून बघावं लागतं, आणि त्याला एक पैसा लागत नाही. एनसीईआरटीची अकरावीची पुस्तकं फुकट पीडीएफमध्ये मिळतात आणि आपलं बोर्डही सायन्सला तीच धरून चालतं. केमिस्ट्रीचा पहिलाच धडा उघड, मोल कन्सेप्ट. 18 ग्राम पाणी म्हणजे एक मोल, मग 45 ग्राम म्हणजे किती, त्यात रेणू किती, ऑक्सिजनचे अणू किती, अशी दहा उदाहरणं स्वतः सोडव, व्हिडिओ न बघता, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. मग दुसऱ्या दिवशी अकाउंट्सची जर्नल एंट्री घे: दुकानदाराने माणसाला 5,000 रुपयांचा माल उधार विकला, तर डेबिट कोण, क्रेडिट कोण? (घेणाऱ्याचं खातं डेबिट, विक्री क्रेडिट. आता तो माणूस 500 चा माल परत घेऊन आला, तर?) तिसऱ्या दिवशी आर्ट्समधलं काहीतरी, सायकॉलॉजी किंवा इतिहासाचा एक धडा वाच आणि पुस्तक मिटून पानभर स्वतःच्या शब्दांत लिही.

बरोबर किती आले ते महत्त्वाचं नाही, शिकवल्याशिवाय चुकणारच आहेस. बघायचं हे, की अडकल्यावर तू काय केलंस. परत मागच्या पानावर गेलास की "जेवून बघू" म्हणून उठलास? उधारीचं उदाहरण सुटल्यावर पुढचं करावंसं वाटलं का? ज्या विषयात अडकूनही तू खुर्चीत राहिलीस तो विषय तुला झेपेल, आवडेल की नाही ते नंतर कळेल. हे तीन दिवस कुठल्याही हजारो रुपयांच्या ॲप्टिट्यूड टेस्टपेक्षा जास्त सांगतात असं माझं मत आहे, त्या टेस्टचा रिपोर्ट रंगीत असतो एवढंच.

बारावी झालेल्यांसाठी, म्हणजे डिग्री ठरत नसेल तर, हाच प्रयोग जरा मोठा करायचा. आपल्याकडे एमएस युनिव्हर्सिटी गावातच आहे आणि बडोद्याच्या लोकांना तिची किंमत नाही असं मला नेहमी वाटतं. 1949 ची युनिव्हर्सिटी, एका गावात फाइन आर्ट्स, परफॉर्मिंग आर्ट्स, सोशल वर्क, लॉ, टेक्नॉलॉजी, फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस, आर्किऑलॉजी, सगळं. इथले लोक बीकॉम आणि इंजिनियरिंग सोडून बाकीच्यांची नावंही घेत नाहीत. तिथे शिकणारं कुणी ना कुणी ओळखीचं निघतंच, दांडिया बाजारात चार घरं सोडून निघेल. त्याला "कोर्स कसा आहे?" असं विचारू नको, तो "मस्त आहे" म्हणेल आणि विषय संपेल. विचार की गेल्या मंगळवारी सकाळपासून काय काय केलं, सगळ्यात कंटाळवाणा पेपर कुठला, लॅबमध्ये हात लावायला मिळतो का नुसतं बघायचं, सीनियर पास होऊन आत्ता कुठे आहेत. त्याची वही मागून बघ. फाइन आर्ट्सकडे ओढा असेल तर वर्षाअखेरीला पोरांच्या कामाचा डिस्प्ले लागतो तो जाऊन बघ, आणि लक्षात ठेव की तिथे नुसत्या मार्कांवर होत नाही, ॲप्टिट्यूड टेस्ट असते.

कामाची जागाही बघून ये. मकरपुरा जीआयडीसीत (कारखान्यांच्या वसाहतीत) कुणाच्या तरी काकांचं वर्कशॉप असतंच, नंदेसरीला केमिकल कंपनीत कुणी असतं, सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप (सीए होताना करायचं ट्रेनिंग) करणारी ताई असते. अर्धा दिवस बसायला परवानगी माग, बहुतेक लोक आनंदाने देतात. इंजिनियर म्हणजे एसीत बसून लॅपटॉप एवढंच डोक्यात असेल तर लेथ मशीनचा आवाज आणि कूलंटचा वास एकदा घेतलेला बरा. कुणाला तोच आवडतो, मग त्याने दहावीनंतर डिप्लोमा का करू नये? तीन वर्षं डिप्लोमा, मग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं, त्यासाठी आता डीडीसीईटी परीक्षा असते. घरचे "डिप्लोमा म्हणजे कमी" म्हणतील, म्हणू दे.

आणि चुकीचं निवडलं तर आयुष्य संपलं असं जे घरात वातावरण असतं त्यावर एका माणसाची गोष्ट सांगते. वेंकी रामकृष्णन, बडोद्यात वाढलेले, 1971 मध्ये एमएसमधून फिजिक्समध्ये बीएस्सी, पुढे अमेरिकेत फिजिक्समध्येच पीएचडी, आणि पीएचडी हातात आल्यावर ठरवलं की बायोलॉजी करायचंय, परत विद्यार्थी म्हणून बसले. 2009 चं नोबेल मिळालं ते केमिस्ट्रीचं. सगळ्यांना नोबेल मिळत नाही हे मलाही कळतं, पण पीएचडीनंतर विषय बदलता येतो तर अकरावीच्या पहिल्या महिन्यात ग्रुप बदलायला लाज कसली. फक्त तो बदल लवकर कर, जून-जुलैत शाळा ऐकून घेते, दिवाळीनंतर प्रिन्सिपलही काही करू शकत नाहीत.

घरच्यांशी बोलताना "मला नाही जमणार" हे वाक्य नको, त्यावर उत्तर तयार असतं, "प्रयत्न केलास का?" त्याऐवजी ती तीन दिवसांची वही बाबांसमोर ठेव, हे सोडवलं, हे अडलं, इथे मी उठले. आणि पैशांचं स्पष्ट विचार, प्रायव्हेट कॉलेजची चार वर्षांची फी घरात आहे का, लोन काढावं लागेल का, हे आत्ताच विचारलेलं बरं, बऱ्याच मराठी घरांत हे सगळं झाल्यावर कळतं.

ठरवायला तारीख लाव, फॉर्मच्या शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधीची. तोवर दोन पर्याय उरले आणि दोन्ही सारखेच वाटत असतील तर ज्याचं कॉलेज चांगलं, फी कमी आणि घरापासून जवळ, तो घे, एवढं सोपं कारणही चालतं. बारावीवाल्यांनो, सरकारी युनिव्हर्सिट्यांचं ॲडमिशन आता 2024 पासून जीकॅस पोर्टलवर एकत्र होतं आणि इंजिनियरिंगचं एसीपीसी या राज्याच्या प्रवेश समितीकडे, तिथे बोर्डाचे मार्क आणि गुजसेट ही राज्याची प्रवेश परीक्षा दोन्ही धरतात. चॉइस भरताना "मिळणार नाही" म्हणून आवडतं कॉलेज खाली टाकू नको, वर टाकल्याने खालचं जात नाही, मेरिटमध्ये बसलं तर मिळेल नाहीतर यादीतलं पुढचं बघतात. लॉगिन, पासवर्ड आणि ओटीपी येणारा नंबर तुझा स्वतःचा ठेव, सायबर कॅफेवाल्या भाऊंचा किंवा मामांचा नको, लॉक करायच्या रात्री मामा हमखास लग्नाला सुरतेत असतात.